आम्ही चेरीकडून आलो आहोत

“इश्श!” कंडक्टरबाई म्हणाल्या, आणि न्याहारीच्या टेबलावरचे सगळे चमचे जागच्या जागी थांबले.

त्यांना फक्त मीठ हवं होतं. पण मिशनरी व्हायला आलेल्या मंडळींच्या त्या प्रशिक्षणगृहात मंगळवारी दिवसभर जर्मनच बोलायचं असा दंडक होता, आणि जर्मनमध्ये ‘मी’ म्हणायचं तर ‘इह्’ असं काहीतरी म्हणावं लागतं. हा उच्चार धड ‘ह’ नव्हे, धड ‘श’ही नव्हे. चिडलेल्या मांजरानं दबक्या आवाजात समज द्यावी तसा मधलाच. कंडक्टरबाईंची जीभ तिथवर पोचली की हमखास ‘श’वर घसरायची.

“बाई, नऊ आठवडे झाले,” जर्मन मास्तर हताश होऊन स्वतःच दंडक मोडत म्हणाले. “तुम्ही दर वाक्याला लाजताय. कोणाला बघून लाजताय तेवढं तरी सांगा!”

“मिठाला, सर. द्या इकडे.”

बाईंनी अकरा वर्षं शहर बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली होती. छत्तिसाव्या वर्षी आतून हाक आली, तशी त्यांनी खाकी उतरवली आणि इथे नाव घातलं. श्रद्धा डोंगराएवढी, उत्साह त्याहून मोठा, आणि आवाज असा की त्यांनी “पुढे सरका” म्हटलं की बसबाहेरची माणसंसुद्धा सरकायची. नडत होती ती फक्त जर्मन.

आणि रविवारी परीक्षा होती. ज्या गावी नव्या मिशनऱ्यांना पाठवायचं, तिथले एक वृद्ध धर्मगुरू परीक्षक म्हणून यायचे होते. प्रत्येक जोडीनं आसपासच्या एखाद्या जर्मन बोलणाऱ्या घरी जायचं, निदान एका माणसाला रविवारच्या उपासनेला आणायचं. जमलं तर त्या गावी रवानगी. नाही जमलं तर वर्षभर तळघरात बसून पत्रकांच्या घड्या घालायच्या.

“तळघरात मी मरेन गं,” बाई आपल्या जोडीदारणीला म्हणाल्या. “माझा आवाज तिथे मावणार नाही.”

जोडीदारीण तेवीस वर्षांची होती. आधी दाताच्या डॉक्टरकडे मदतनीस होती, म्हणून तिला सगळे दातवाली म्हणत. तिचं जर्मन अगदी चोख. फक्त ते तिच्या तोंडातून बाहेर पडत नसे, कारण माणूस दिसला की तिची दातखीळ बसायची. एकीला बोलता येत नव्हतं, दुसरीला गप्प बसता येत नव्हतं. अशी ही जोडी.

“आणि समोरचा काय बोलला ते कळलंच नाही, तर?” बाईंनी निघताना मास्तरांना विचारलं.

“तर हसायचं आणि ‘या, गेर्ने’ म्हणायचं. म्हणजे ‘हो, आनंदानं’. त्यानं कोणाचं वाईट झालेलं नाही.”

मास्तर इथेच चुकले.

बुधवारी दोघी मागच्या गल्लीतल्या एका आजींच्या दारात उभ्या राहिल्या. त्या गल्लीत सगळी जर्मन बोलणारी जुनी कुटुंबं. आजींच्या अंगणात चेरीचं भलंमोठं झाड होतं आणि ते फळांनी वाकलं होतं. पाखरं रोज ताव मारत होती, आजींचा गुडघा शिडीला नको म्हणत होता, म्हणून त्यांनी तीन दिवसांपूर्वी बेकरीच्या दारावर चिठ्ठी लावली होती: ‘चेरी उतरवायला माणसं हवीत.’ या दोघींना याचा पत्ता नव्हता.

दार उघडलं. बाईंनी छाती भरून श्वास घेतला आणि घोकलेलं वाक्य सोडलं. ‘आम्ही चर्चकडून आलो आहोत.’ आता जर्मनमध्ये चर्चला म्हणतात ‘किर्ह्ये’, मांजराच्या उच्चाराचं. आणि ‘किर्शे’ म्हणजे चेरी. बाई अर्थातच किर्शे म्हणाल्या.

“चेरीकडून? अहो, तीन दिवस वाट बघतेय मी!” आजी जर्मनमध्ये म्हणाल्या आणि त्यांनी बाईंचे दोन्ही हात धरले.

बाईंना शब्द कळला नाही, पण हात कळले. “बघ,” त्या दातवालीच्या कानात पुटपुटल्या, “किती तहानलेला जीव!”

“ताई, मला वाटतं त्या...”

“वाटून घेऊ नकोस. हस.”

आजींनी काहीतरी विचारलं. बाई म्हणाल्या, “या, गेर्ने.” आजींनी शिडी आणली. आणखी काहीतरी विचारलं. “या, गेर्ने.” आजींनी दोघींच्या कमरेला एकेक ॲप्रन बांधला.

“ताई, शिडी आहे ही.”

“दिसतंय मला. नम्रतेची परीक्षा आहे. चढ!”

बाई झाडावर चढल्या. पाच मिनिटं मुकाट्यानं चेरी तोडल्या. पण आलोय कशाला, याचा विसर पडू द्यायच्या त्या नव्हेत. फांदीवर नीट बूड टेकवून त्यांनी पाठ केलेलं जर्मन प्रवचन सुरू केलं, बसच्या पट्टीत. चर्च सर्वांसाठी आहे! चर्च विनामूल्य आहे! या शेजाऱ्यांनो, पोराबाळांना घेऊन या, चर्च तुमची वाट पाहत आहे!

गल्लीतल्या लोकांना काय ऐकू आलं हे सांगायला नकोच. झाडावर बसलेली एक बाई, हातात मूठभर चेरी, आणि आरोळी: चेरी सर्वांसाठी! चेरी विनामूल्य! पहिल्यांदा समोरचा शिंपी पातेलं घेऊन आला. मग त्याची बायको, मग तिची नणंद, मग बादल्या, टोपल्या, एक बाळाचा आंघोळीचा टबसुद्धा. दहा मिनिटांत अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही.

“ताई!” दातवाली खालच्या फांदीवरून किंचाळली. “हे सगळे चेरीसाठी आलेत!”

“तर काय रिकाम्या हातानं पाठवायचं? लोकांची किती ओढ आहे बघ!” बाई सरसर खाली उतरल्या. गर्दी दिसली की त्यांचे हात आपोआप चालत. “ओ टोपीवाले, रांगेत! ढकलाढकली नाही! आधी मालकीणबाईंच्या दोन बादल्या, मग बाकीच्यांचं! तो टब मागे घ्या!” हे त्या आपल्याच भाषेत ओरडत होत्या, पण कंडक्टरची भाषा कोणालाही कळते. तासाभरात झाड लख्ख झालं. आजी दोन भरल्या बादल्यांमध्ये खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या.

“रविवारी, दहा वाजता, किर्शे!” बाईंनी निरोप घेताना प्रशिक्षणगृहाकडे बोट दाखवून सांगितलं.

“आणखी मिळणार?” शिंप्यानं विचारलं.

“या, गेर्ने!”

“मुरंबासुद्धा?”

“या, गेर्ने!”

संध्याकाळी हा सगळा पराक्रम मास्तरांनी ऐकला. ऐकता ऐकता ते खुर्चीत खाली खाली जाऊ लागले. मग त्यांनी फळ्यावर एक चर्च काढलं, शेजारी एक चेरी काढली आणि खडू खाली ठेवला.

बाईंनी एकदा चर्चकडे बघितलं, एकदा चेरीकडे. चेहरा पार उतरला. “म्हणजे मी त्या माणसांना फसवलं?”

“मी सांगायचा प्रयत्न केला होता,” दातवाली हळूच म्हणाली.

“मी सांगू दिलं नाही. चूक माझी. उद्या घरोघर जाऊन माफी मागते.”

गुरुवारी त्या खरोखरच दारोदार गेल्या. दातवालीला बरोबर घ्यायचं म्हटलं, तर ती पहिल्याच दारात दगड झाली. तेव्हा बाईंनी एकटीनंच किल्ला लढवला. ‘चेरी नाही, चर्च!’ एवढंच तर सांगायचं होतं. पण बाईंच्या तोंडी दोन्हींचा उच्चार एकच, आणि ‘नाही’ला त्या म्हणत ‘निश्ट’.

“निश्ट किर्शे!” त्या कळवळून सांगत. “किर्शे!”

लोक विचारात पडत, मग त्यांचे चेहरे उजळत. ती चेरी नाही, दुसरी चेरी! म्हणजे कालची गोड होती, रविवारी आंबट येणार, मुरंब्याची! शिंप्याच्या बायकोनं तर पलीकडच्या गल्लीतल्या बहिणीलाही कळवलं.

रविवारी दहा वाजता, एरवी सात टाळकी जमणाऱ्या त्या दालनात त्रेसष्ट माणसं बसली होती. प्रत्येकाच्या मांडीवर भांडं. मास्तर खांबाआड उभे होते. परीक्षक म्हातारबुवा मात्र हरखून गेले होते.

“एवढी माणसं! कोणी आणली?” त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी बाईंकडे बघितलं. गप्प बसल्या असत्या तर कदाचित निभावलं असतं. पण बाई उठल्या, पुढे गेल्या आणि रात्रभर दातवालीकडून घोटून घेतलेलं वाक्य त्यांनी म्हटलं. “माझी चूक झाली. इथे चेरी नाहीत.”

चेरीचा उच्चार त्यांना उत्तम यायचा, त्यामुळे हे मात्र सगळ्यांना लख्ख कळलं. त्रेसष्ट भांड्यांतून एक उसासा निघाला.

“मग बोलावलं कशाला?” शिंपी उठून म्हणाला.

बाईंनी भिंती दाखवल्या, बाकं दाखवली, वर छत दाखवलं. “किर्शे,” त्या काकुळतीनं म्हणाल्या. “हे. किर्शे!”

कोणीतरी पातेलं आपटलं. मास्तरांनी डोळे मिटले. तेवढ्यात म्हातारबुवा ताडकन उठले.

“बरोबर बोलतात त्या! ही किर्शेच आहे. तुम्हाला इथे दुसरं काय दिसतंय?”

मास्तर खांबाआडून बाहेर आले. “महाराज, आपण... किर्शे म्हणालात.”

“मग काय म्हणू?”

“किर्ह्ये.”

“ते पुस्तकात! आमच्या गावी चर्चलाही किर्शे आणि चेरीलाही किर्शे. पाच पिढ्या आम्ही असंच बोलतोय.” त्यांनी प्रेमानं बाईंचा खांदा थोपटला. “नऊ आठवड्यांत आमची बोली इतकी अस्सल! कोणी शिकवली हो तुम्हाला?”

बाईंनी मास्तरांकडे बोट दाखवलं. मास्तरांना जन्मात एवढी शाबासकी आणि एवढा अपमान एकदम मिळाला नव्हता.

आजींना आधी हसू फुटलं, मग शिंप्याला, मग साऱ्या दालनाला. काही जण भांडी काखोटीला मारून निघून गेले, पण एकतीस माणसं उपासना संपेपर्यंत बसली. आजी तर पहिल्या बाकावर, सुरात सूर मिळवत होत्या.

बाईंची निवड जागच्या जागी झाली. दातवालीचीही झाली, पण एका अटीवर. म्हातारबुवांनी तिच्याकडून एक उतारा वाचून घेतला आणि मान हलवली. “फार शुद्ध आहे. आमच्याकडे असं कोणी दारात येऊन बोललं, तर लोकांना वाटेल सरकारी नोटीस आली. हिला तुमच्यासारखं बोलायला शिकवा.”

सोमवारी सकाळी मास्तर वर्गात आले तेव्हा फळ्यासमोर कंडक्टरबाई खडू घेऊन उभ्या होत्या आणि दातवाली ओठांचा चंबू करून ‘श’ काढत होती. मास्तर क्षणभर दारात घुटमळले. मग दातवालीच्या शेजारच्या बाकावर बसले, कोरी वही उघडली आणि पेन्सिलीला टोक काढू लागले.