ठोसरकाकांचं तिसरं पुस्तक

लिफ्टमध्ये ठोसरकाका दिसले की मी माझं वाक्य आधी मनात एकदा तपासून घेते. कारण हा माणूस समोरच्याचं बोलणंसुद्धा खोडतो.

"काय सांगू काका, सकाळी इराची वही सापडेना, त्यात एमआरटीच्या गाडीला ही गर्दी, पाया लेबारला ऑफिसात पोचायला उशीर झाला."

"'उशीर झाला' ठेवा," काका म्हणतात. "बाकीचं काढा."

वसंत ठोसर पंचविशीत मिरजेहून अमेरिकेला गेले, तिथलेच झाले आणि इंग्रजीत लिहू लागले. एकूण तीन पुस्तकं. तिसऱ्या कादंबरीला तिकडचं फार मोठं बक्षीस मिळालं. त्यानंतर मात्र त्यांनी एक ओळ लिहिली नाही. कॉलेजात शिकवत राहिले, म्हणजे दुसऱ्यांच्या ओळी खोडत राहिले. बायको गेल्यावर लेकीने त्यांना इकडे सिंगापूरला, ईस्ट कोस्ट भागातल्या आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये आणलं.

आल्या आल्या त्यांनी आमच्या कॉन्डो सोसायटीतल्या स्विमिंग पूलची बारा ओळींची सूचना वाचली आणि लाल पेनाने अकरा ओळी उडवल्या. उरलं एवढंच, की इथे धावू नका. मॅनेजर लेखी तक्रार घेऊन आला, तर काकांनी त्या तक्रारीतलीही दोन वाक्यं कमी करून दिली. "अंकल व्हेरी फिअर्स, लाह!" माझी लेक इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. काका खूश! "हिच्याकडून शिका. एक शब्द फुकट नाही. 'लाह'सुद्धा काढता येत नाही."

बक्षिसाचा विषय मात्र त्यांना चालत नसे. "ते काढा," एवढंच म्हणत.

मग मी लायब्ररीतून ते पुस्तक आणलं. एका गावातली संसारी बाई एका माणसाबरोबर निघून जायचं ठरवते. बॅग घेऊन दिवसभर स्टेशनवर बसते. तो येत नाही. संध्याकाळी ती घरी येऊन भात टाकते. कुणाला काही कळत नाही. तीन दिवस ती बाई माझ्या डोक्यातून जाईना.

रविवारी खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांपाशी कॉफी पिताना मी न राहवून म्हटलं, "काका, ती बाई काय बोलते हो! अगदी खरी वाटते."

"खरीच आहे," काका म्हणाले. "माझी थोरली बहीण. कुसुमताई."

त्यांनी कप बाजूला ठेवला.

"तिने जगात फक्त मला सांगितलं होतं. मी नाव बदललं, गाव बदललं. बोलणं तेवढं बदललं नाही. फार चांगलं होतं ते, सोडवेना. आणि तिच्या घरात इंग्रजी वाचणारं कोण होतं? पण बक्षीस मिळालं आणि पुस्तक मराठीत आलं. मराठीत ती वाक्यं पुन्हा तिचीच झाली. दिराने चहाच्या वेळी सगळ्यांदेखत वाचून दाखवली."

"मग?"

"नवरा पुढे सोळा वर्षं जगला. तिच्याशी बोलला नाही. ती माझ्याशी बोलली नाही."

खिशातून त्यांनी एक चिठ्ठी काढली. भाच्याकडून बहिणीचा नंबर मिळवला होता. "माझा आवाज आला की ठेवते. तुम्ही लावाल?"

मी तिथेच फोन लावला, स्पीकरवर. इथले सकाळचे दहा म्हणजे मिरजेत साडेसात.

"कोण गं?" आवाज खणखणीत होता.

"मी सिंगापूरहून बोलतेय. वसंतकाकांची शेजारीण."

मग, "जेवतो का नीट?"

"हो."

"शेजारी बसलाय?"

काकांनी हात जोडले आणि जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

"नाही," मी म्हणाले.

"मग बोलते. पण त्याला काही सांगू नकोस हं बाई. लिहील मेला."

काकांनी रुमाल तोंडावर दाबला. हसत होते की काय, मला कळेना.

तेव्हापासून दर रविवारी दहाला आमचा फोन. कुसुमताई गुडघ्यांबद्दल बोलायच्या, शेजारणीच्या खारट लोणच्याबद्दल, गच्चीवरच्या मांजरीबद्दल, मग पुन्हा गुडघ्यांबद्दल. काका पुढे झुकून सगळं ऐकायचे. "आज बोला ना," मी खूण करायची. "पुढच्या रविवारी," ते ओठांनीच म्हणायचे. असे सात महिने गेले. एकदा तरी मी सरळ सांगून टाकायला हवं होतं की ताई, तुमचा भाऊ इथे बसलाय. नाही सांगितलं. ते त्या दोघांचं आहे असं समजून गप्प राहिले.

गेल्या महिन्यात एका रविवारी फोन कुसुमताईंच्या मुलाने उचलला. आई गुरुवारी गेली, म्हणाला. झोपेतच.

काकांनी पहिल्यांदाच फोन स्वतःच्या हातात घेतला. "मी वसंतमामा," एवढंच म्हणाले.

"मामा, तुम्हीच का?" मुलगा म्हणाला. "रविवारी फोनच्या आधी आई नेमाने वेणी घालून, नवं लुगडं नेसून बसायची. मी म्हणायचो, फोनवर कोण बघतंय? तर म्हणायची, बघत नाही रे, वसंता ऐकत असतो."