रेती चाखणारे नाना

हरीनाना रेती चाखत असत. अक्षरशः चाखत. ट्रक बांधकामाच्या आवारात शिरला की ते चाकावर पाय देऊन वर चढत, कोपरापर्यंत हात रेतीत खुपसत, आतली चिमूट जिभेवर ठेवत आणि डोळे मिटून घेत. मग थुंकत. उजवीकडे थुंकले तर गाडी आत, डावीकडे थुंकले तर परत.

"चाचा, रेती है, रसगुल्ला नहीं!" एक ट्रकवाला एकदा वैतागला.

"म्हनूनच बोलतो," नाना वरूनच ओरडले. "मीठ जेवनात, रेतीत नाय! फिरव गाडी!"

ऐंशीच्या दशकात जुईनगरच्या बाजूला इमारती उभ्या राहत होत्या, तेव्हाची ही हकिकत. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन तिथल्या एका बांधकामावरच्या पत्र्याच्या प्रयोगशाळेत रुजू झाले होते, आणि लवकरात लवकर एखाद्या मोठ्या संशोधनसंस्थेत जाण्याची मला घाई होती. नाना तिथले मुकादम. जन्म खाडीकाठच्या गावातला, तारुण्य मिठागरात गेलेले. स्वस्थ बसणे त्यांच्या प्रकृतीतच नव्हते. चहासुद्धा ते येरझारा घालत पीत.

माझी पद्धत निराळी होती. रेती शुद्ध पाण्यात घुसळायची, पाणी गाळायचे, त्यात आम्लाचे आणि सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडायचे. मीठ असेल तर पांढरा साका धरतो. हेच मीठ काँक्रीटमधल्या सळया गंजवते. गंजलेली सळई फुगते आणि स्लॅब आतून फोडते. हे सारे मी नानांना सविस्तर समजावले. तेव्हापासून रोज सकाळी दारातून एकच आरोळी येई, "दही लागला का गो, पोरी?"

आमचे निकाल जुळले नाहीत की भांडण ठरलेले. अखेर मी रीतसर परीक्षा घेतली. बशांमध्ये कमीअधिक खारवलेली रेती मांडली आणि नानांना चाखायला लावली. फार खारी रेती त्यांनी अचूक ओळखली. किंचित खारी मात्र बेधडक उजवीकडे थुंकली. दुपारच्या जेवणानंतर तर सगळाच गोंधळ. कारण उघड होते.

"नाना, तुम्ही रोज सुकट खाता. जिभेवर आधीच मीठ असते, मग रेतीतले थोडे मीठ कळणार कसे?"

"सुकटीला नाव ठेवतेस? उद्या बोलशील, श्वास घेऊ नको!"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या डब्यात भात आणि अळणी वरण होते. खाडीकाठच्या माणसाने सुकट सोडली, ही बातमी साऱ्या बांधकामावर पसरली. "नाना, माळ घातलीस काय रं?" गवंडी विचारीत. "पोट बिघडलाय," एवढेच उत्तर.

नंतर एका दुपारी ते रुमालात बांधलेला गिलाव्याचा तुकडा घेऊन आले.

"एका मानसाच्या घरचा हाय. बघ जरा."

मी तुकडा कुटला, घुसळला, गाळला. थेंब पडताच नळीत दाट पांढरा साका धरला. नाना कधी नव्हे ते निश्चल उभे होते.

"माझाच घर हाय," ते म्हणाले. "मी नि बायकोनं बांधला. रेती खाडीतली, होडीनं वाहून आनली. पाळन्यासाठी स्लॅबात कडी तिनंच टाकून घेतली. ती तर गेली. आता माझी पोर मंदा येतेय नावड्याहून, पहिल्या बाळंतपनाला. सातवा लागलाय. त्या कडीला पाळना टांगू का नको, तेवढा सांग."

"वरचा गिलावा पडतो?"

"खपल्या पडतात. आतली सळई दिसते. लाल."

"टांगू नका. तिला त्या खोलीत झोपवूही नका."

त्यांनी मान डोलावली. रुमाल झटकून त्याची घडी केली. "सगल्यांची रेती चाखली. घरच्या भिंतीला जीभ लावायचा धीर नाय झाला बघ."

दोनतीन रविवार गेल्यावर त्यांनी मला घरी बोलावले. बाटल्या घेऊन ये, असे बजावून. जुन्या घरामागे नव्या खोलीचे जोते उभे होते. शेजारी ताडपत्रीवर ओली रेती पसरलेली. विहिरीच्या गोड्या पाण्याने नाना ती टोपल्याटोपल्यांनी धूत होते. हातांची कातडी सुरकुतली होती. निथळलेले पाणी मी नळीत घेतले, थेंब सोडले. पाणी नितळच राहिले.

"साफ आहे, नाना."

जोत्याच्या आत जाऊन त्यांनी एका कोपऱ्यात चटई अंथरली.

"हितं तिची खाट येल. बस जरा. आता पाळन्याची दोरी वडायची हाय, असा समज. हात लांब कर."

मी बसले आणि हात लांबवला. माझ्या बोटांपुढे त्यांनी काठीने मातीत खूण केली, वर मोकळ्या आभाळाकडे पाहिले, जिथे उद्या कडी येणार होती तिथे. मग पायानेच ती खूण पुसली.

"एवढा नको गो ताणू," ते हळूच म्हणाले. "मंदाचा हात आखूड हाय."