बसची नाडी पाहणारी मशीन

"आता गाडीचं दुखणं मीच ओळखीन. मिस्त्रीच्या दारात पाय ठेवला तं बापाचं नाव लावणार नाई!"

असं देवानंद बोरटोल्याच्या तलावाच्या पाळीवर, चार माणसांत, छाती काढून बोलला. आता माणसानं असं बोलावं का? मुळीच बोलू नये. निदान बापाला तरी मध्ये आणू नये.

गाडी म्हणजे मच्छीमार संस्थेची बस. मूल गावच्या एका शाळेनं ती विकायला काढली, आणि मासे बाजारात न्यायला आपली गाडी पाहिजेच म्हणून संस्थेनं घेतली. मागच्या सीटा उपटल्या आणि तिथे पत्र्याची मोठी पेटी ठेवली. पेटीत बर्फ, आणि बर्फ लवकर विरघळू नये म्हणून वरून राइस मिलमधलं धानाचं तूस, पोत्यानं. रंग पिवळाच राहिला. मागं लिहिलेलं 'सावकाश, मुले उतरत आहेत' हेही कोणी पुसलं नाही. आतून रोहू आणि कतला उतरत, पण मागच्या गाड्या बिचाऱ्या इमानदारीनं थांबत.

देवानंद या बसचा ड्रायव्हर. वर्षभर गाडी बरी चालली. मग संक्रांतीच्या सुमारास स्टिअरिंगपुढच्या मीटरच्या काट्यांखाली एक पिवळा लाईट लागला, इंजिनाच्या चित्राचा, आणि त्या दिवसापासून गाडीनं जी मान टाकली ती टाकलीच. ॲक्सिलेटर पार तळाला दाबला तरी बैलगाडी पुढं निघून जायची. आणि बैलगाडीवाला वळून पाहायचा, ते वेगळंच.

मिस्त्री म्हणाला, "हे नवीन जमान्याचं इंजिन आहे भाऊ. मशीन लावल्याशिवाय याची नाडी सापडत नाई, आन मशीन माह्यापाशी नाई." कंपनीच्या वर्कशॉपात नंबर लागायला महिना होता. तिकडे तलाव आटत चालला होता. जाळं आता टाकायचं नाही तर कधी टाकायचं?

एवढ्यावर भागलं असतं तर देवानंदनं बढाई मारलीच नसती. खरी गोष्ट घरात होती. त्याची बायको गिरजा मागच्या साली टोळीसोबत तेलंगणात मिरची तोडायला गेली होती. ती गेली आणि घर देवानंदला खायला उठलं. वरण करपायचं, पोरगी पायल आईच्या आठवणीनं ताटावरून उठायची, आणि हा माणूस संध्याकाळी चुलीसमोर बसून नुसता राखेत काडी फिरवायचा. या साली टोळीचा मुकादम पुन्हा येऊन गेला होता. गिरजा म्हणाली होती, "तलावाची मासोळी आपल्या गाडीनं बाजारात धड पोचली तं राहीन. नाई तं मी टोळीत जाईन. हात बांधून बसणं मले जमत नाई."

म्हणजे सगळं त्या पिवळ्या लाईटावर आलं होतं.

देवानंदनं आठवडाभर मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. हिंदी पाहिले, तेलुगू पाहिले, एक तर अशा भाषेतला पाहिला की ती कोणती हेही त्याला कळलं नाही. पण माणसानं अभ्यास केला, हे मान्य करावं लागेल. शेवटी त्यानं एक हातात धरायची मशीन पसंत केली. तिला तिचा पडदा, तिची वायर, तिचंच सॉफ्टवेअर, आणि मोठ्या डिझेल गाड्यांसाठीच बनवलेली. खरं सांगतो, निवड एकदम बरोबर होती. त्यानं ती मुकाट्यानं घेतली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती.

पण संस्थेची वस्तू म्हटली की सभा आली.

सभेत निकेश उठला. हा अध्यक्षांचा पुतण्या, मूलला मोबाईलचं दुकान चालवतो. "एवढी मोठी मशीन काऊन पाह्यजे? माझ्याकडे अंगठ्याएवढा निळा डबा येते. गाडीत खोचा, मोबाईलवर सगळं दिसते."

"तो कारचा आहे," देवानंद म्हणाला.

"कार काय आन बस काय, डिझेलच पेते न?"

मग गुणवंतराव उठले. हे तरुणपणी एक हंगाम रत्नागिरीला मासेमारीच्या बोटीवर होते. त्या एका हंगामावर बोरटोल्यात तीस वर्षं मान घेऊन राहिले. ते म्हणाले, "डबेबिबे पोरखेळ आहे. माझा भाचा नागपूरले हाये. त्याच्यापाशी पेन ड्राइव्हवर फुल सॉफ्टवेअर आहे. दुनियेतलं कोणतंही इंजिन त्यात आहे."

झालं. तीन मतं, संस्थेच्या तीन जाळ्यांवरची तीन माणसं, आणि आवाज तलावाच्या पलीकडं. मग अध्यक्ष लटारूभाऊंनी हात वर केला. लटारूभाऊ म्हणजे न्यायी माणूस, फारच न्यायी. तलावातली मासोळी वाटायची त्यांची रीत अशी: सारखे ढीग मांडायचे, एकानं पाठ करून उभं राहायचं, दुसऱ्यानं एका ढिगावर बोट ठेवून विचारायचं, "हा कोणाचा?" आणि पाठमोऱ्यानं न पाहता नाव घ्यायचं. भांडण नाही, तंटा नाही, आणि आजवर कोणी तोंड वाकडं केलेलं नाही.

"मशीनीचे बी हिस्से करू," लटारूभाऊ म्हणाले.

"लटारूभाऊ, मशीन एकच आहे जी. तिचे हिस्से कसे करसान?"

"काऊन नाई? एक वायर, एक सॉफ्टवेअर, एक कॉम्प्युटर. तीन ढीग, तीन माणसं. कोणाचाच मान जाणार नाई."

देवानंद सांगत होता की हे तिन्ही एकमेकांसाठी बनलेले पाहिजेत. पण तोवर ढिगांच्या जागी तीन गोटे मांडून झाले होते आणि एक जण पाठ करून उभाही राहिला होता. वायर निकेशच्या वाट्याला आली, सॉफ्टवेअर गुणवंतरावांच्या. देवानंदच्या वाट्याला आला कॉम्प्युटर. आठवडाभर व्हिडिओ पाहून त्या माणसाला मिळालं काय, तर पोरीचा जुना लॅपटॉप घरून उचलून आणायचं काम!

बाकीचे दोघं सामान आणेपर्यंत तलावात जाळी टाकायचा दिवस उजाडला.

सकाळी तिन्ही जाळी पडली. मासोळी काय आली सांगू! टोपल्यांवर टोपल्या पाळीवर लागल्या. गिरजा कमरेला पदर खोचून बर्फ फोडत होती, वरून तूस टाकत होती, आणि मध्ये मध्ये बसकडे पाहत होती. तिचं पाहणं देवानंदला पाठीवर कळत होतं. चंद्रपूरचा बाजार अजून गाठता आला असता, फक्त गाडी पळायला हवी होती.

देवानंदनं निकेशचा निळा डबा स्टिअरिंगखाली खोचला. डबा लुकलुकला. सगळे खिडक्यांना लटकले. लॅपटॉपवर गुणवंतरावांचं सॉफ्टवेअर उघडलं आणि त्यानं पहिलाच प्रश्न टाकला: इंजिन कोणतं? खाली यादी होती. कार, ट्रक, ट्रॅक्टर, क्रेन, मरीन. बसचं नाव कुठंच नव्हतं.

"ट्रक दाबतो," देवानंद म्हणाला.

"थांब," गुणवंतराव म्हणाले. "मरीन म्हणजे का, माहीत आहे का कोणाले? बोटीचं इंजिन. समुद्रातल्या बोटीचं."

"मंग?"

"मंग आपण कोण आहो? पाण्यातली माणसं. गाडी कोणाची? मच्छीमार संस्थेची. गाडीत का भरते? मासोळी. ट्रकमधी विटा भरते बापा, विटा."

लटारूभाऊंनी हात वर करायला सांगितले. एक देवानंदचा सोडला तर सगळे हात मरीनला. देवानंदचा एक हात लॅपटॉप धरण्यात अडकला होता, दुसरा त्यानं ट्रकसाठी वर केला, तो कोणी मोजलाही नाही.

मरीन दाबलं. कॉम्प्युटरनं बराच वेळ विचार केला आणि मग पडदा लालेलाल झाला. खारं पाणी: दाब शून्य. बोटीचा पंखा: उत्तर देत नाही. पाण्याविना इंजिन चालवू नका.

"पाहा," गुणवंतराव म्हणाले. त्यांच्या तोंडावर जे तेज आलं ते तीस वर्षांत आलं नव्हतं. "बोटीचं इंजिन खालून पाणी पेते. हिले पाणीच नाई भेटून राह्यलं, तं उठणार कशी?"

"पण हे रस्त्यावर चालते जी. खाली डांबर हाये."

"म्हणून तं बिमार पडली."

लटारूभाऊंनी मधला मार्ग काढला. मधला मार्ग काढण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही. "दोन मिनिटं मागची चाकं पाण्यात उभी करून पाहू. म्हैस नाई का उभी राहत? फरक नाई पडला तं काढून घेऊ."

देवानंदला हे सगळं खुळं आहे हे कळत होतं. चांगलं कळत होतं. पण ऊन चढत होतं, बर्फ पाझरत होता, आणि गिरजा टोपलीजवळ उभी होती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथं तर काडी हातात देणारेच त्याला तलावाकडे ढकलत होते. त्यानं बस रिव्हर्सला टाकली आणि उतारावरून हळूहळू पाण्यात घातली.

मागची चाकं गेली. मग पेटीखालचा भाग गेला. आटत्या तलावाचा गाळ म्हणजे काय चीज असते हे त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण त्या दिवशी सगळ्यांचे डोळे कॉम्प्युटरवर. देवानंदनं घाबरून गाडी पुढं काढायला ॲक्सिलेटर दाबला, इंजिन जीव खाऊन गुरगुरलं, आणि पडद्यावरचा एक आकडा हलला.

"दाब वाढून राह्यला!" निकेश ओरडला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडी खचत होती आणि लोक टाळ्या वाजवत होते! 'सावकाश, मुले उतरत आहेत' यातलं 'उतरत' पाण्याखाली गेलं तेव्हा कुठं टाळ्या थांबल्या.

मग बैल आले, दोर आले. आधी दोर तुटला, मग नवा आणला, आणि प्रत्येकानं प्रत्येकाला शहाणपण शिकवलं. बस निघाली तेव्हा सूर्य डोक्यावरून कलला होता. पाळीवरच्या टोपल्यांवर माश्या बसल्या होत्या, मासोळी बोटानं दाबली तर खड्डा तसाच राहत होता. सावली गावचा व्यापारी टेम्पो घेऊन आला, नाक धरलं, आपल्या मनाला येईल तो भाव दिला आणि उपकार केल्यासारखा माल घेऊन गेला. गुणवंतराव म्हणाले, "खारं पाणी पाह्यजे होतं. हे गोडं आहे."

गिरजानं रिकामी टोपली धुतली, उलटी घातली आणि घरी गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं देवानंदला वाटलं. घरी तो पोचला तेव्हा तिनं चटईवर दोन लुगडी, एक चादर आणि डोक्याला बांधायचा दुपट्टा काढून ठेवला होता.

"राग नाई," ती म्हणाली. "तुमाले जे जमलं ते केलं तुमी."

हे ऐकून माणसाला काय वाटत असेल? देवानंदला रडू आलं. पायल बाजूला होती म्हणून तो पाणी पिण्याच्या निमित्तानं उठला.

पुढचे दिवस तो बस धूत बसला. बॅटरी काढून उन्हात ठेवली, चिखल खरवडला, एकेक झाकण उघडून पुसलं. असं करता करता हवा आत घेणाऱ्या फिल्टरचा डबा उघडला. आणि त्यातून धानाचं तूस पडलं. पडतच राहिलं. अर्धी बादली भरली. वर्षभर पेटीवर तूस टाकत होते, ते उडून उडून इथं जमलं होतं आणि इंजिनाचं नाक बंद झालं होतं. ना मशीन पाहिजे होती, ना सॉफ्टवेअर, ना सभा. फिल्टर दगडावर आपटला, झालं काम.

बॅटरी जोडून त्यानं चावी फिरवली. पिवळा लाईट लागला आणि विझला. गावाबाहेरच्या रस्त्यावर बस अशी पळाली की देवानंद एकटाच हसला, मोठ्यानं. तसाच घरी धावला. "गिरजा, गाडी सुधरली! नव्यासारखी पळते!"

गिरजानं चादरीची गाठ मारली. "बरं झालं. मुकादम टोळीसाठी गाडीच पाहून राह्यला होता. गाडी सुधरली का देऊ, असं लटारूभाऊनं कबूल बी करून देल्लं."

सभा झाली होती म्हणे. एकही हात खाली नव्हता.

दुसऱ्या दिवशी पेटी उतरवली, त्या जागी चटया टाकल्या आणि बोरटोल्याच्या बाया गठुडी घेऊन चढल्या. गिरजा सगळ्यात पुढं, ड्रायव्हरच्या बाजूला बसली. पायल शेजारच्या आजीचा हात धरून उभी होती, तिनं हात हलवला नाही. गाडीत मासोळीचा वास होता, बाया पदर नाकाला लावून हसत होत्या. पोंभुर्णा गेलं, गोंडपिपरी गेली, सागाची पानगळ झालेली जंगलं गेली. नदीचा पूल जवळ आला, पलीकडे तेलंगणा. देवानंदचा पाय आपोआप सैल पडला. बस रेंगाळायला लागली.

"काऊन हळू करून राह्यले?" गिरजानं विचारलं.

"लाईट लागला का ते पाहून राह्यलो."

गिरजा वाकली. काट्यांच्या खाली तिनं नीट पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"नाई लागला जी," ती हळूच म्हणाली. "चला."

देवानंदनं ॲक्सिलेटर दाबला. बस भुर्रकन पुलावर चढली. फिल्टर जरा कमी आपटला असता तरी चाललं असतं, असं त्याला वाटलं. पण आता काय उपयोग.