जगदाळेबाईंचा डावा पाय

जगदाळेबाई कुणाच्या घरी गेल्या की आधी माणसं बघत नाहीत, फर्निचर बघतात. टीपॉय किती उंच आहे, सोफ्याला हात आहे का, एखादं स्टूल रिकामं आहे का. बरोबर वस्तू हेरली की चप्पल काढतात आणि डावा पाय त्या वस्तूवर ठेवून देतात. समोर नवा जावई असो की कलेक्टर, त्यांना काही देणंघेणं नसतं. पाय वर गेला की मग म्हणतात, "हां. आता बोला."

आमच्या पडेगावच्या बिल्डिंगमध्ये त्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात आणि मी कुलकर्णी, बायकोसह तळमजल्यावर. लिफ्ट नाही. बाई मूळच्या सोयगावकडच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत उभा जन्म पीटी शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान जाऊन सात वर्षं झाली. एकुलता एक नितीन पुण्याला असतो. आणि तीन वर्षांपूर्वी बाईंच्या डाव्या पायात रक्ताची गुठळी झाली.

झाली तेव्हा बाईंनी ती आठवडाभर कुणाला सांगितलीच नाही. पोटरी सुजली, तापली, लाल झाली, तरी बाईंचं आपलं एकच: पीटीच्या बाईचा पाय दुखतो म्हणजे काय, लाज आहे का नाही! त्यांनी तो आधी शेकला, मग तेल लावून खसाखसा चोळला आणि शेवटी चालून जिरवायला निघाल्या. डॉक्टरांनी हे ऐकल्यावर डोक्याला हात लावला. "चोळला? अहो, गुठळी सुटून फुफ्फुसात गेली असती तर?" बाई म्हणाल्या, "गेली नाय ना? मग पुढचं सांगा."

पुढचं म्हणजे सूज दाबायला दिवसभर पायात घालायचा एक जाड, घट्ट मोजा आणि महिनोन्महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या. त्या संपल्या, गुठळीही गेली, पण पाय काही पूर्वीसारखा झाला नाही. संध्याकाळी तो जड होतो, ठणकतो, घोट्याजवळची कातडी काळपट पडलीय आणि मधूनच अशी खाज सुटते की बाई आठवतील त्या शिव्या हासडतात. लोकांना हे पटत नाही. "तीन वर्षं झाली की हो, अजून?" असं आमच्या सोसायटीच्या चेअरमननं विचारलं, तेव्हा बाई कडाडल्या, "आग विझली म्हणून भिंती पांढऱ्या होत्यात व्हय?" चेअरमन त्या दिवसापासून जिन्यात बाई दिसल्या की फोनवर बोलल्यासारखं करतो.

त्या पायाला बाई 'डावा' म्हणतात. उनाड पोराबद्दल बोलावं तसं बोलतात. "डाव्याचं आज डोकं फिरलंय." "डावा आज लई शहाण्यासारखा वागला." पण नुसती तक्रार कधी नाही. उलट कुणी कीव केली की त्यांचा पारा चढतो. एकदा माझी बायको म्हणाली, "बिचाऱ्या बाई." बाईंनी ऐकलं. तिसऱ्या मजल्यावरून खाली आल्या, आमच्या दारासमोर जागच्या जागी पन्नास उड्या... नाही, उड्या डॉक्टरांनी मना केल्यात, पन्नास कदमताल केले आणि वर निघून गेल्या.

कदमताल ही त्यांची खरी ओळख. एका जागी उभं राहिलं की डावा फुगतो, म्हणून बाई कुठंच उभ्या राहत नाहीत. क्रांती चौकात एटीएमच्या रांगेत सगळे मख्खासारखे उभे आणि मध्ये एक चौसष्ट वर्षांची बाई डावा-उजवा, डावा-उजवा. पुढचा माणूस वळून बघतो. "बघता काय? तुम्ही पण करा, पोट कमी होईल," म्हणतात. मागच्या खेपेला मी बरोबर होतो. शपथेवर सांगतो, रांगेतल्या दोघांनी चालू केलं.

बँकेत तर कमाल. साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या, समोरच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या आणि बाजूच्या खुर्चीच्या पाठीवर पाय टाकला. साहेब नवीन होते. म्हणाले, "मॅडम, पाय खाली घ्या. हे ऑफिस आहे."

"साहेब, पाय हृदयाच्या वर ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलंय. माझ्या हृदयाच्या. तुमचं मनावर घेऊ नका."

माझ्या भाचीच्या बघण्याच्या कार्यक्रमात मात्र त्यांनी माझा घाम काढला. मुलाचे वडील समोर बसलेले, पोह्यांच्या बश्या मांडलेल्या आणि त्या बश्यांच्या शेजारी टीपॉयवर बाईंचा पाय! मुलाचे वडील आक्रसले. मी डोळ्यांनी खुणा करून थकलो. तेवढ्यात मुलाची आई पुढं वाकली आणि हळूच विचारते, "अहो, हा मोजा कुठं मिळतो? माझ्याही शिरा फुगल्यात." झालं. पुढचा पाऊण तास दोघी शिरांवर बोलत होत्या. लग्न काही जमलं नाही, पण त्या बाई अजून जगदाळेबाईंना फोन करतात.

आणि माझं काय विचारता! चालणं हेच डाव्याचं औषध, म्हणून बाई रोज सकाळी चालतात, आणि एकटं चालणं कंटाळवाणं म्हणून मला नेतात. सहा वाजता आमच्या खिडकीशी शिट्टी वाजते. खरी शिट्टी, शाळेतली. "कुलकर्णी, बुड हलवा! फाईलीवर बसून बसून तुमच्या पण गुठळ्या व्हायच्या!" सगळी बिल्डिंग ऐकते. मी पायजम्याची नाडी बांधत धावतो.

तर अशा बाईंचा आवाज मी पहिल्यांदा खाली आलेला ऐकला तो गेल्या दिवाळीच्या आधी. नितीनचा फोन आला होता. "येत्या रविवारी येतोय. तुझी तब्येत ठीक दिसली नाही तर फ्लॅट ब्रोकरकडं देऊन तुला पुण्याला नेणार." बाई आमच्याकडं आल्या, पाय वर करायचंही विसरल्या.

"कुलकर्णी, त्यानं विचारलं तर सांगायचं, तुमची आई परवा गच्चीवर टाकी धुवायला चढली होती."

"बाई, मी सरकारी नोकर आहे. तोंडानं खोटं बोलायची सवय नाही, ते आम्ही कागदावर करतो."

बाई हसल्यासुद्धा नाहीत. मग त्यांनी बेत सांगितला. डावा सकाळी बारीक असतो, संध्याकाळी दुधी भोपळा होतो. म्हणून नितीनला सकाळी दहाला बोलवायचं, जेवू घालायचं आणि तीनच्या आत वाटेला लावायचं. शिवाय त्या दिवशी तो जाड, घट्ट मोजा घालायचाच नाही. मोजा दिसला की पोरगं म्हणणार, आई अजून आजारी. मला हे बरोबर वाटेना, पण बाईंपुढं बोलायची माझी काय बिशाद!

रविवारी दहा वाजले, बारा वाजले. नितीनची गाडी वाटेत कुठंतरी पंक्चर झाली, मग स्टेपनीतही हवा नाही. बाई मोज्याशिवाय दिवसभर ओट्याशी उभ्या. पुरणपोळ्या लाटत होत्या, परत परत खिडकीशी येत होत्या. नितीन आला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. त्याची बॅग घेऊन मीच वर गेलो.

दारातच नितीन वाकला. बाईंनी डावा पाय मागं घेत म्हटलं, "उजव्याला कर, उजव्याला!" पण पोरगं तीन महिन्यांनी आईला भेटत होतं, त्यानं दोन्ही पावलं धरली. उठायला जरा वेळच लागला त्याला. उठला तेव्हा डाव्या घोट्यावर त्याच्या अंगठ्याचा खळगा तसाच उमटून राहिला होता. आम्ही तिघं त्या खळग्याकडं बघत राहिलो. तो भरून येईना.

"बास झालं, आई," नितीन म्हणाला. "उद्या ब्रोकरला फोन करतो."

मला वाटलं, आता बाई कडाडणार. त्या खुर्चीत बसल्या, पाय स्टुलावर ठेवला. "कर. पण एक ऐक. गुठळी झाल्यावर चार महिने तुझ्याकडं होते ना मी? पाण्याचा पेला घ्यायला उठले की तुम्ही सगळे धावायचात. लई केलंत माझं, नाय म्हणत नाय. पण इथं मी सुजलेल्या पायाची बाई आहे नितीन. तिथं नुसता सुजलेला पाय होते. मला नाय यायचं. हा पाय मेल्यावरच बरा होणार असंल तर तोवर मी त्याला घेऊन हे तीन जिने चढणार. तू ब्रोकर आण नायतर पोलीस आण."

मी आपला जिना उतरलो. त्या रात्री जेवण गेलं नाही मला, खरं सांगतो. सकाळी शिट्टी वाजणार नाही, हेच डोक्यात फिरत होतं. इतकी वर्षं जिला मनातल्या मनात शिव्या घातल्या, ती शिट्टी!

सकाळी वाजली नाहीच. सव्वासहाला बायकोनं मला दूध देऊन वर पाठवलं, नितीन आहे, कमी पडेल म्हणून. दार लोटलेलंच होतं. बाई पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या आणि नितीन फरशीवर गुडघे टेकून तो मोजा चढवत होता. पलंगावरून उतरायच्या आधी घालायचा असतो तो. पोरगं घामाघूम झालं होतं. मोजा घोट्याशी अडला होता.

"रोज तू हा एकटी घालतेस?"

"मग काय मोजा घालायला कुलकर्णी येत्यात व्हय?"

नितीन हसला, मग डोळे पुसले. "ब्रोकरला नाही सांगत. पण दर महिन्याला येणार मी. बघणार पाय. लपवायचा नाही."

"नाय लपवत," बाई म्हणाल्या.

टाच बसली. नितीननं सुरकुती सरळ केली आणि मोजा भराभर पोटरीवर ओढायला लागला. बाईंचा हात त्याच्या डोक्यावर गेला, केसांत थांबला. मी दुधाचं भांडं उंबऱ्याशी ठेवलं आणि पाठ फिरवली.

"सावकाश घाल रे," मागून बाईंचा आवाज आला. "दुखत नाय. पण सावकाश घाल."