आधी बंद करायला शिका

जाधव गुरुजी कुठलंही यंत्र पाहिलं की पहिला प्रश्न विचारतात, ‘‘ह्ये बंद कसं हुतंय?’’ पुतण्याच्या लग्नात त्यांनी डीजेवाल्याला हेच विचारलं, तर त्यानं धसका घेऊन आवाज कमी केला. नवा मिक्सर घेतानाही चटणी किती बारीक होते याची त्यांनी चौकशी केली नाही.

गुरुजी निवृत्त शिक्षक. मेढ्याच्या वरच्या डोंगरातल्या आमच्या शाळांना बोटानं चालणारे मोठाले टीव्ही मिळाले आणि आम्हा जुन्या शिक्षकांना घाम फुटला. तेव्हापासून गुरुजी मोटरसायकलवरून शाळोशाळी शिकवत हिंडतात. मानधन घेत नाहीत. चहा मात्र गुळाचाच लागतो.

त्यांची रीत उलटी. टीव्ही चालू ते करणार, आपण फक्त बंद करायचा. शेजारच्या शाळेतल्या निकम सरांकडून त्यांनी अख्खी सकाळ एवढंच करून घेतलं. सर वैतागले, ‘‘आवं गुरुजी, चालू करायला कवा शिकवणार?’’

‘‘ज्येला गाडी थांबवता येत न्हाई, त्येनं घाट उतरू न्हाई, गड्या.’’

माझ्यापर्यंत गुरुजी आले ते पाटीपूजनामुळे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुलांनी पाट्यांवर सरस्वती काढली, फुलं वाहिली. मी म्हटलं, वर्गातला टीव्हीही पाटीच की, जरा थोरली. त्यालाही हळदकुंकू लावावं. टीव्ही नुसता झोपलाय, बंद नाही, हे मला काय ठाऊक! कुंकवाचं बोट टेकलं मात्र, पडद्यावर एक माकड उड्या मारत गाऊ लागलं. मी कुंकू पुसायला गेले, तसा आवाज वाढला. सरपंच प्रसादासाठी हात पुढे करून तसेच उभे. पोरं माकडाबरोबर नाचायला लागली. शेवटी मी वायर उपटली.

घरी येऊन मी रडले. जन्मभर फळ्यापुढे ताठ उभी राहिलेली बाई मी, पोरांदेखत एका माकडाला हरले. दिवाळी झाली की स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्यायचा, असं ठरवून टाकलं. हेडमास्तरांना सांगितलं, तर त्यांनी गुपचूप गुरुजींना फोन केला.

गुरुजींनी पेनड्राइव्ह लावला. प्रत्येक शाळेत ते एकच व्हिडिओ लावतात आणि त्याला ‘टेस्टिंग’ म्हणतात. एक बाई फळ्यावर हातच्याची बेरीज शिकवतेय, आवाज बंद. बेरीज संपवून ती हात झटकत पुढे येते, तेवढ्यात गुरुजी म्हणतात, ‘‘करा बंद.’’ मी बंद केलं. त्यांनी पुन्हा लावलं, मी पुन्हा बंद केलं. दुपारपर्यंत मी त्यांनी सांगायच्या आधीच बंद करू लागले.

असाच व्हिडिओ चालू असताना त्यांचा फोन वाजला आणि ते व्हरांड्यात गेले. एवढा वेळ हसरी बाई बघतेय, तिचा आवाज तरी ऐकावा, म्हणून मी रिमोटवरचं आवाजाचं बटण दाबलं. बाई पदराला हात पुसत अगदी जवळ आली, वाकली आणि म्हणाली, ‘‘आवं, झालं माझं शिकवून. आता ह्ये बंद कसं करायचं? बिघाडलं म्हंजे? आवं, या की लवकर!’’

चित्र हललं आणि संपलं. गुरुजी दारात उभे होते.

‘‘आमची शालन,’’ ते म्हणाले. ‘‘करोनात शाळा बंद हुत्या, तवा पोरांसाठी केलेला. पयलाच. मी परड्यात हुतो, माझं हात शेणाचं. म्हनलं, येतो सावकाश. लय घाबरली हुती हो. दुसरा करायच्या आत गेली.’’ त्यांनी टोपी काढून पुन्हा नीट घातली. ‘‘करा बंद, बाई.’’

मी रिमोट टेबलावर ठेवला.

‘‘बंद करायला आलं की आता, गुरुजी,’’ मी म्हटलं. ‘‘चालू करून बघते.’’ आणि पडद्यावर बोट टेकवून व्हिडिओ पहिल्यापासून लावला.

पोरं खिचडी खाऊन हात पुसत वर्गात आली आणि नवी बाई बघून गपचूप बसली. शालनबाई त्यांना हातचा समजावू लागल्या. गुरुजी पोरांच्या मागं भिंतीला टेकून बसले.

‘‘बाई,’’ ते म्हणाले, ‘‘मागं ऐकू येत न्हाई. जरा वाढवा.’’