विनामोटार सहलीतल्या सात मोटारी

शांतता ही एकट्यादुकट्याने अनुभवायची गोष्ट नव्हे. एकटा माणूस गप्प बसला की लोक त्याला "बरं वाटत नाही का?" असे विचारतात, वीस माणसे एकत्र गप्प बसली की त्याला उपक्रम म्हणतात. आणि उपक्रम म्हटला की समिती आली, हे कॅनडातल्या स्कारबरोच्या मराठी माणसाला कुणी शिकवावे लागत नाही.

नीरजालाही हे पुरेपूर ठाऊक होते. चूक एवढीच झाली की ती मनातले बोलून गेली.

तिने तीस वर्षे एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन स्विचबोर्डवर काम केले होते. रिटायर झाल्यावर हेडफोन खाली ठेवला, पण कानातला फोन काही थांबला नाही. भाजी चिरताना वाजे, देवाला दिवा लावताना वाजे, आणि तिचा हात आपोआप उचलायला जाई. डॉक्टरांनी दोन्ही कान तपासून ते उत्तम असल्याचे कळवले. (कान उत्तम असणे हाच आजार असू शकतो, याची वैद्यकशास्त्राने अजून नोंद घेतलेली नाही.)

मग तिच्या वाचनात क्युबेकमधली एक वाट आली. जुन्या रेल्वेचे रूळ उखडून केलेला सायकलमार्ग, मोटारींना सक्त बंदी, एका अंगाला संथ नदी, दुसऱ्या अंगाला मक्याची शेते आणि मधूनमधून फ्रेंच बोलणारी खेडी. नीरजाला फ्रेंचचे अक्षर येत नव्हते. म्हणजे कुणी काही विचारलेच तर उत्तर देण्याची जबाबदारी आपल्यावर नाही, हा तिला फार मोठा फायदा वाटला. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी ती कॉन्डोच्या पार्किंगमध्ये पडत धडपडत सायकल शिकली, आणि एके दिवशी जेवताना नवऱ्याला म्हणाली, "जयदीप, मला तिथे एक दिवस सायकल चालवायची आहे. एकटीने. एक दिवस मला कुणाचाही आवाज नकोय. तुझासुद्धा."

जयदीपचे सगळे आयुष्य मोटारींच्या कारखान्यात, क्वालिटी विभागात गेले होते. बायकोवर त्याचा मनापासून जीव होता. म्हणून त्याने ही गोष्ट स्वतःपुरती ठेवली नाही. हात धुतले आणि गावातल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकली.

दुसऱ्या दिवशी 'शांत सायकल' नावाचा वेगळा ग्रुप निघाला. पहिल्या आठवड्यात त्यावर एकोणीसशे मेसेज आले. त्यांपैकी चौसष्ट टक्के शुभ सकाळ, एकवीस टक्के बूट कुठले घ्यावेत याविषयी, चौदा टक्के नाश्त्याविषयी, आणि उरलेला एक टक्का हा ग्रुप कशासाठी आहे अशी विचारणा करणारे. नीरजाने मंडळाच्या अध्यक्ष देवयानी यांना फोन करून स्पष्ट सांगितले की तिला एकटीला जायचे आहे. देवयानीबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"अगं, एकटी कशाला? आम्ही सगळे आहोत ना," त्या म्हणाल्या. "आणि डोन्ट वरी, आम्ही तुला अजिबात डिस्टर्ब करणार नाही."

हा शब्द समितीने कसा पाळला, ते पाहण्यासारखे आहे. सहल पूर्णपणे विनामोटार असेल, असा ठराव पहिल्याच बैठकीत एकमताने झाला. आता विनामोटार सहलीचे सामान वाहायचे म्हणजे मोटार लागणारच. कुणाला भांडणासाठी भांडायचेच असेल तर गोष्ट वेगळी. शिधा, कुकर आणि घडीच्या खुर्च्या यांना एक व्हॅन. पंक्चर झाले तर सायकली उचलायला दुसरी. ज्यांचे गुडघे बदललेले आहेत त्यांना तिसरी, आणि ज्यांचे अजून बदलायचे आहेत त्यांना चौथी. (दोघांना एकत्र बसवले असते, पण मग वाटेत चर्चा झाली असती आणि शांततेचा भंग झाला असता.) पाचवी पहिल्या चारींपैकी एखादी बंद पडली तर. सहावी जयदीपची, कारण नवरा. सातवी कशासाठी हे कुणालाच सांगता आले नाही, पण तिच्यात जागा शिल्लक होती आणि जागा शिल्लक असताना गाडी घरी ठेवणे बरे दिसत नाही. सर्वांना सारखी पिवळी जाकिटे शिवून घेतली, पाठीवर देवनागरीत 'शांत सायकल'. नीरजाचा फोन वाटेत कुठे पडू नये म्हणून समितीने तो आधीच काढून घेतला आणि तिसऱ्या गाडीतल्या सेफ्टी बॅगेत ठेवला.

नावे दिली होती बावीस जणांनी. प्रत्यक्ष सायकल येणारे निघाले नऊ, सायकल बरोबर आणलेले तीन. पहिल्याच वळणावर एकाला सीट टोचू लागली. त्याची चौकशी करायला दुसरा थांबला, आणि दोघेही गाडीतच बसले. अशा रीतीने नदीकाठी नीरजा एकटी उरली. तिची इच्छा समितीने पूर्ण केली नाही, असे कुणाला म्हणता येणार नाही.

सुरुवातीला सायकलमार्गाला लागूनच मोटारींचा रस्ता होता. त्यावरून सातही गाड्या तिच्या वेगाने, एकामागे एक, हेडलाइट आणि इंडिकेटर लावून चालल्या. हॉर्न वाजवायचा नाही असा नियम होता आणि तो कसोशीने पाळला गेला. मात्र तिला धीर वाटावा म्हणून दर मैलाला एक सदस्य काच खाली करून ओरडे, "नीरजा, कुणीही बोलत नाहीये हं!" नीरजा दात आवळून पेडल मारत राहिली. तिच्या कानात आता दोन फोन वाजत होते. हा दिवसही असाच जाणार, या विचाराने तिला रडू यायचे तेवढे बाकी होते.

पुढे एक खेडे लागले. चर्चच्या चौकात काळ्या कोटातला एक वृद्ध गृहस्थ उभा होता. दिवे लावून पायी चालीने येणारी सात गाड्यांची रांग पाहून त्याने टोपी काढली आणि मान झुकवली. सगळ्यात पुढच्या व्हॅनचे स्टीअरिंग पायस यांच्या हाती होते. पायस मूळचे वसईचे, जन्मापासूनचे कॅथलिक. समोरच्याने टोपी काढलेली पाहून त्यांचा हात आपोआप कपाळाकडे गेला आणि त्यांनी क्रूस केला. त्या गृहस्थाची खात्री पटली. त्याने अदबीने चर्चकडे हात केला, पायस अदबीने वळले, आणि पुढच्या गाडीला सोडायचे नाही हा समितीचा नियम असल्यामुळे मागच्या सहाही वळल्या.

तिकडे अंत्ययात्रेतल्या गाड्या अशाच दिवे लावून सावकाश जातात, आणि आत खरेच अंत्यविधी चालू होता. चीज बनवणारे एक म्हातारे वारले होते आणि आठ माणसे जमली होती. गैरसमज झाल्याचे मंडळाच्या लगेच लक्षात आले. पण मयताला गेलेला माणूस माती दिल्याशिवाय माघारी फिरत नाही, हा आपला रिवाज. एकवीस जणांनी बाहेर बूट काढले, मोज्यांनी आत जाऊन शेवटचे चार बाक भरले, आणि पायस उठले की उठले, पायस गुडघ्यावर आले की आले. (बदललेल्या गुडघ्यांना यातून सूट होती, ती बहुतेकांनी घेतली नाही.) म्हाताऱ्याच्या मुलीने मागे वळून पाहिले. एवढे लोक, सगळे सारख्या जाकिटात, पाठीवर अनोळखी लिपीतला शोकसंदेश. तिला हुंदका आवरेना. देवयानीबाईंनी तिला जवळ घेतले. ती फ्रेंचमध्ये रडत होती, त्या मराठीत समजूत घालत होत्या, आणि दोघींनाही सगळे कळत होते.

ज्या घरी मयत झाले त्या घरी चूल पेटवायची नसते, एवढे कुणी सांगायची गरज पडली नाही. चर्चच्या बेसमेंटमध्ये कुकर उतरले. पिठले झाले, भात झाला, तिखटाने पाद्रीबाबांचे डोळे पाणावले आणि घरच्यांच्या मनाला ते फार भिडले. शेवटी एका सदस्याने सवयीने आभारप्रदर्शन केले, त्यात दिवंगतांचेही आभार मानले. त्या धामधुमीत जयदीपने बाहेर येऊन पाहिले, तर नदीकाठी नीरजा नव्हती.

ती वळणापलीकडे गेली होती, तिथे सायकलमार्ग मोटारींचा रस्ता सोडून नदीच्या बाजूने दूर जात होता. इंजिनांचा आवाज बंद झाल्याचे तिला बऱ्याच वेळाने जाणवले. आधी ती घाबरली. मागे वळून पाहिले, कुणी नव्हते. मग तिला इतका आनंद झाला की सायकल पडता पडता राहिली. मका वाऱ्याने सळसळत होता. एका ठिकाणी सायकल झाडाला टेकवून ती काठावर बसली आणि पाण्यात पाय सोडले. कानातला फोन वाजला. तिने उचलला नाही. तो थोडा वेळ वाजला आणि थांबला, आणि मग वाजलाच नाही. ती तिथे ऊन कलेपर्यंत बसून होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याकडून कुणाला काही नको होते, आणि हे सुख कुणाला सांगायलाही नको, याचे तिला आणखी सुख वाटले.

संध्याकाळी ती मुक्कामाच्या गावी पोहोचली तेव्हा अख्खे मंडळ सराईच्या अंगणात उभे होते. जयदीपने गाडी घेऊन मोटारींचा रस्ता कितीदा तरी पालथा घातला होता, त्याचे डोळे लाल झाले होते. तिच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ते काहीतरी होते, ते सगळ्यांना दिसले. नदी कशी होती, कसे वाटले, कानाचे काय झाले, यातले कुणीच काही विचारले नाही.

"नीरजा," जयदीप म्हणाला, "दिवसभर काही खाल्लंस का?"

वाचकहो, हसू नका. ती नदीकाठी पाय सोडून बसली तेव्हापासून तुमच्याही मनात हेच घोळते आहे. जेवण तर सगळे चर्चमध्ये उतरले, मग तिच्याजवळ निदान एखादा लाडू तरी होता का? तिने जयदीपला दिलेले उत्तर आम्हाला माहीत आहे, पण ते आम्ही सांगणार नाही. आता तुम्ही जरा शांत बसून दाखवा.