दहा अक्षरांची भिंत

सोलापुरात घडी दोन गोष्टींना असते, चादरीला आणि गुन्ह्याला. चादरीच्या घड्या मी चाळीस वर्षं कारखान्यात घातल्या. गुन्ह्याच्या घड्या निवृत्तीनंतर उलगडतो. बाळीवेशीपासून स्टेशनापर्यंत माझ्या तोडीचा गुप्तहेर नाही, आणि असलाच तर तो इतका गुप्त आहे की मलाही सापडलेला नाही. अक्षरओळख मला एकसष्टाव्या वर्षी झाली. इंग्रजी त्यानंतर, तीही फक्त मोठी अक्षरं. छोटी इंग्रजी अक्षरं मला अजून संशयास्पद वाटतात. पण जे उशिरा वाचायला शिकतात ते नीट वाचतात. मी दुकानाची पाटी वाचतो, तिच्यामागचं दुकान वाचतो आणि मालक बाहेर आला की त्याचा चेहरा वाचतो. मालक बहुधा आत निघून जातो.

त्या दिवशी सकाळी चंद्रव्वाच्या खानावळीतून निरोप आला, "अण्णा, लवकर या. भिंतीवर कायतरी उमटलंय."

चंद्रव्वाची खानावळ म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत पाच टेबलं, मागच्या खोलीत चूल, मध्ये भिंत. आठ दिवसांवर गड्ड्याची जत्रा आली होती. गेल्या वर्षी जत्रेत जागा नाही म्हणून माणसं दारातून परत फिरली आणि समोरच्या नव्या हॉटेलात जाऊन बसली. काही अजून तिथंच बसतात. यंदाही तसंच झालं तर चूल विझवून मुलीकडे दुधनीला जाऊन राहायचं, असं चंद्रव्वानं ठरवलं होतं. म्हणून मधली भिंत पाडायची, चूल मागच्या अंगणात न्यायची आणि टेबलं वाढवायची, असा बेत होता.

भिंत बघायला आदल्या संध्याकाळी गुरुशांत इंजिनिअर येऊन गेला होता. त्यानं भिंत ठोकली, खडूनं तिच्यावर काहीतरी लिहिलं, "भिंतीवर लिहिलंय तसं करा" म्हणाला आणि दुधनीला लग्नाला निघून गेला. आता तासाभरात धुळा गवंडी घण घेऊन येणार होता.

मी पोचलो तेव्हा टेबलं अंगणात काढून ठेवली होती. खोली रिकामी होती. भिंतीवर STRUCTURAL असं लिहिलेलं होतं आणि त्याखाली तीन जाड, पांढऱ्या, आडव्या रेघा होत्या. रेघांना शेवंतीचं फूल चिकटवलेलं होतं. खाली उदबत्ती जळत होती.

"हे फूल कुणी लावलं?" मी विचारलं. पुराव्याला हात लागलेला मला खपत नाही.

"मीच की," चंद्रव्वा म्हणाली. "विभूतीचे पट्टे हायत ते. गुरुशांत लई भक्त पोरगं. त्याच्या कपाळावर पण तस्सेच असतात. जाता जाता भिंतीला लावून गेला."

"चंद्रव्वा, ते खडूचे आहेत."

"देवाला काय, खडू पण चालतो. पण अण्णा, वरती काय लिहिलंय ते बघा. पाडा म्हणतोय का नको म्हणतोय?"

मी अक्षरं मोजली. दहा भरली. इथून माझ्या अनुमानाला सुरुवात झाली. चांगल्या बातमीला इतकी अक्षरं लागत नाहीत. 'या', 'बसा', 'जेवा' हे सगळं एकदोन अक्षरांत होतं. लांबलचक फक्त सरकारी हुकूम असतात. म्हणजे हा पाडण्याचा हुकूम.

"गुरुशांत सरकारी न्हाय," चंद्रव्वाची सून महेश्वरी आतून म्हणाली. ती मिरच्या निवडत होती.

"म्हणूनच त्यानं खडूनं लिहिलं," मी म्हणालो. "सरकारी असता तर रंगानं लिहिलं असतं."

महेश्वरीनं मिरच्या खाली ठेवल्या आणि गुरुशांतला फोन लावला. दुधनी हद्दीवर. तिथं फोन कधी महाराष्ट्रात असतो, कधी कर्नाटकात. एक बाई कन्नडमधून सांगू लागली की थोड्या वेळानं प्रयत्न करा. चंद्रव्वानं फोन हातात घेऊन तिला "बरं अव्वा, तू जेवलीस का?" असं कन्नडमध्येच विचारलं. बाईनं पुन्हा तेच सांगितलं.

"उद्धट हाय," चंद्रव्वा म्हणाली.

मग महेश्वरीनं मोबाईलवर शब्दाचा अर्थ काढला. "स्ट्रक्चरल. विशेषण. संरचनात्मक."



"मराठीत सांग की," चंद्रव्वा म्हणाली.

"मराठीतच सांगितलं, अत्ती," महेश्वरी सासूला म्हणाली.

"संरचनेशी संबंधित," मी समजावलं. "म्हणजे बांधणीशी."

"भिंत बांधणीशी संबंधित नसंल तर काय शेंगाचटणीशी असंल?"

मी महेश्वरीला उदाहरणं वाचायला लावली. जाणकार माणूस शब्द एकटा पकडत नाही, त्याची संगत बघतो. पहिलं उदाहरण निघालं, 'अर्थव्यवस्थेतील संरचनात्मक बदल'. दुसरं निघालं, 'भूकंपामुळे झालेली संरचनात्मक हानी'. माझ्या अंगावर काटा आला. एकीकडे बदल, दुसरीकडे हानी! या शब्दाची बैठकच वाईट लोकांत होती.

"उघड आहे," मी म्हणालो. "या भिंतीची हानी झाली आहे, तेव्हा तिच्यात बदल करावा. पाडा."

"आन तीन पट्टे?"

"तीन वेळा पाडा."

तरीही मी घाई केली नाही. स्टीलचा पेला भिंतीला लावला, त्याला कान लावला. आतून घुमल्यासारखा, दबलेला आवाज आला. श्वास रोखून ऐकलं.

"भिंत पोकळ आहे. आत कुणीतरी आहे."

"मी हाय," पलीकडून महेश्वरी म्हणाली. ती आता चटणी कुटत होती.

तेवढ्यात धुळा आला. खांद्यावर घण, हातात पहार. त्यानं फुलाकडे बघून नमस्कार केला, मग मला विचारलं, "काका, हे काय लिहिलंय?"

"त्याचाच तपास झाला. पाड."

"पाडू नको!" चंद्रव्वा म्हणाली. "थांब. पाड. न्हाय, थांब. अरे देवा, जत्रा आठ दिवसांवर आली रे!"

धुळानं घण उचलला. माझ्या छातीत अभिमान दाटला, कारण माझ्या अनुमानावर प्रत्यक्ष कृती होण्याची ही पहिलीच वेळ होती. पण त्यानं घण तसाच धरून मान वर केली आणि छताकडे बघितलं. छत शहाबादी फरशांचं, त्याखाली लोखंडी तुळया.

"अव्वा, वरच्या खोलीत काय हाय?"

"जोंधळा. मंगळवेढ्याची बारा पोती. भाकरीला वर्षभर लागतो की."

धुळानं घण खाली ठेवला. "तुळयांची टोकं हिच्यावरच टेकल्यात. हिला काढली तर बारा पोती आन फरश्या डोक्यावर. पाडा म्हणून कुणी सांगितलं?"

चंद्रव्वानं माझ्याकडे बघितलं. महेश्वरीनं बघितलं. मी पेल्याकडे बघितलं.

"मी संशयिताला बोलतं करत होतो," मी म्हणालो.

चंद्रव्वा उंबऱ्यावर बसली. पदर तोंडाला लावला. भिंत वाचली होती, पण जागा तेवढीच राहिली होती, आणि दुधनीचा रस्ता तिला पुढं दिसत होता. अशा वेळी गुप्तहेरानं काय बोलावं हे कुठंच लिहिलेलं नाही. असतं तर मी वाचलं असतं.

"अव्वा, आलोच हाय तर भाकरी घाला," धुळा म्हणाला. टेबलं अंगणात, म्हणून तो भिंतीला पाठ टेकून जमिनीवरच मांडी घालून बसला. महेश्वरीनं त्याला कडक भाकरी, चटणी, दही वाढलं. दारात दोन नेहमीची गिऱ्हाइकं आली. टेबल दिसेना, तेव्हा ती धुळाच्या शेजारी बसली. मग एसटीचे तिघे आले, तेही बसले. मग आणखी तिघे. जागा संपायच्या आत शेवटी मीही बसलो.

चंद्रव्वानं पदर खाली घेतला. बोटानं डोकी मोजली. "दहा माणसं," ती म्हणाली, "आन अजून एकच भिंत भरली."

ती उठली. "महेश्वरी, सतरंज्या काढ! टेबलं अंगणातच राहू देत. पंगत बसवायची! तीन भिंतींना तीन रांगा, मध्ये आणखी दोन!"

"जत्रेत पन्नास बसतील, अत्ती!"

"समोरच्याला म्हणावं, बस आता तुझ्या खुर्च्या मोजत."

याच गोंधळात गुरुशांतचा फोन आला. तो घाबरलेला होता. "मावशी, पाडली नाही ना? स्ट्रक्चरल म्हणजे घराचा भार पेलणारी भिंत. तिला अजिबात हात लावायचा नाही. म्हणून तर खाली तीनदा रेघा मारल्या!"

"व्हय रे, कळलं की. उदबत्ती लावली."



"मावशी, तो देव नाही. फक्त भिंत आहे."

"बारा पोती डोक्यावर घेऊन उभी हाय, कधी तक्रार न्हाय," चंद्रव्वा म्हणाली. "अजून काय करायचं असतं देवानं?" आणि फोन ठेवून तिनं फूल सरळ केलं.

मी वही काढून नोंद केली. शब्द स्ट्रक्चरल, अर्थ भार पेलणारा. आता वाक्यात उपयोग हवा होता.

"लिहा काका," महेश्वरी वाढता वाढता म्हणाली. "आमच्या घरात अत्ती स्ट्रक्चरल."

"आन काका कोण?" धुळानं भाकरी मोडत विचारलं.

चंद्रव्वानं माझ्याकडे नीट निरखून बघितलं. "त्यांना काढलं तर घर काय पडत न्हाय," ती म्हणाली. "पण असू देत. भिंतीला खुंटी लागते की एखादी."

यावर मी सडेतोड उत्तर देणार होतो. पण तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत आलं, त्यानं इकडेतिकडे बघितलं, आपली पिशवी माझ्या हातात दिली आणि पंगतीला बसलं.